जुन्या गिटारचं पॉलिश चिकट झालं आहे, स्पिरिटनं पुसू का?

आर्वीकर:
मोठे काका नागपूरला ऑर्केस्ट्रात वाजवायचे, त्यांची गिटार आता माझ्याकडे आर्वीला आली आहे. आत चिठ्ठी नाही, कंपनी कळत नाही. काका म्हणतात १९७० च्या आधीची. वाजवताना उजवा हात टेकतो तिथलं पॉलिश चिकट झालं आहे, बाकी धूळ अन् पिवळेपणा. गावातला सुतार म्हणतो, स्पिरिटनं पुसून टाक, चकाचक होईल. पुसू का?

वणीचा_निखिल:
गाडीचं पॉलिश मार भाऊ. माझी तर आरशासारखी चमकून रायली.

मिस्त्री_पुसद:
थांबा राजेहो! मी भजनी मंडळांच्या पेट्या अन् तंबोरे दुरुस्त करतो. जुन्या वाद्यावर बरेचदा चपडी असते. चपडी म्हणजे लाख, आपल्या पळसावर होते तीच. ती स्पिरिटमधेच विरघळवून लावतात, मग त्याच स्पिरिटनं पुसल्यावर मळासंगं पॉलिशही फडक्यावर येईल.

आधी पाहून घ्या. कान साफ करायच्या काडीला किंचित स्पिरिट लावून खुंट्यांच्या मागं, दिसत नाही तिथं टेकवा. रंग उतरला तर चपडी. नाही उतरला, पण थिनरनं मऊ पडला तर लॅकर, म्हणजे थिनरमधे विरघळणारं पॉलिश. दोन्हींनी काहीच झालं नाही तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पॉलिएस्टर, म्हणजे प्लास्टिकसारखं पक्कं पॉलिश, मग भ्यायचं काम नाही.

चिकटपणा घामाचा अन् अंगाच्या तेलाचा आहे. जुन्या धोतराचं फडकं भिजवून एवढं पिळा की हाताला जेमतेम दमट लागलं पाहिजे. पुसा, लगेच कोरड्यानं पुसा. भेगा असतील तिथं पाणी नको. तरी चिकट राहिलं तर घासत बसू नका. तिथलं पॉलिशच मऊ पडलं आहे, लाकूड उघडं पडेल. सुती कापड टाकून वाजवा.

निखिलभाऊ, तुमची नवी असेल, तिला काही होत नाही. पण गाडीच्या पॉलिशात बहुतेक सिलिकॉन असते. ते जुन्या भेगांतून आत गेलं की पुढं नवा हात मारताना पॉलिश धरत नाही, गोल गोल खड्डे पडतात.

अन् धुळीपेक्षा आपला उन्हाळा वाईट. टिनाखाली ४५ डिग्रीत सरस ढिला पडतो, तारा ताणलेल्या असल्या की ब्रिज, म्हणजे पोटावरची तारा अडकवायची पट्टी, उखडतो. कूलरसमोर ठेवाल तर ओल्या हवेनं चपडीवर पांढरी झाक येते. मधल्या खोलीत ठेवा, तारा थोड्या उतरवून. लॅकर निघालं तर रबरी स्टँडही नको, डाग पडतो.

आर्वीकर:
काडी लावली, कापूस तांबूस झाला. म्हणजे चपडीच. फ्रेटबोर्ड (बोटांनी तारा दाबतो ती पट्टी) शिसमाचा वाटतो, लय कोरडा आहे. खोबरेल चालेल?

मिस्त्री_पुसद:
नको, खवट होते. हिवाळ्यात गोठते ते वेगळंच. मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणा, दोन-चार थेंब फडक्यावर घेऊन फिरवा अन् पूर्ण पुसून काढा. वर्षातून एकदा पुरे. चपडीवर मात्र काही चोपडू नका.