घुशीला सुरुंग शोधायला शिकवता येतं का?

ऊसकरी_कागल: मंडळी, घुशींनी बांधाची चाळण केलीय. पाणी माझ्या सरीत सोडलं की निघतंय शेजाऱ्याच्या रानात. पोरगं म्हणतंय, परदेशात उंदरांकडनं जमिनीतले सुरुंग हुडकून घेतात. खरं हाय का? आमच्या घुशी लावू का कामाला? फौजेतलं कोण असंल तर सांगा.

तांबडा_पांढरा: भावा, आधी बांध बुजव, मग घुशींची भरती काढ.

माजी_सॅपर_शिरोळ: खरं आहे. मी बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर तुकडीचा, खडकीत शिकलो. हातानं सुरुंग काढायचा म्हणजे पालथं पडून प्रॉडर, म्हणजे टोकदार सळई, तिरका, साधारण तीस अंशात खुपसायचा. सरळ घातला तर टोक थेट सुरुंगाच्या डोक्यावर. टोकाला कडक लागलं की थांबायचं आणि बोटांनी माती सारायची. धातू हुडकणारा डिटेक्टर असतो, पण तो खिळ्याला ओरडतो, गोळीच्या पुंगळीला ओरडतो, बाटलीच्या टोपणालाही ओरडतो. ओरडला की उकरणं आलंच. आणि प्लास्टिकच्या सुरुंगात धातू नावालाच, तिथं नेमका गप्प!

उंदराला लोखंडाशी देणंघेणं नाही, तो सुरुंगातल्या टीएनटी या स्फोटकाचा वास धरतो. टांझानियात मोरोगोरोला अपोपो ही संस्था त्यांना तयार करते. आधी ‘टिक’ वाजलं की केळं, एवढीच सवय. मग बरोबर वासापाशी थांबला तरच टिक. असे नऊएक महिने जातात. रानात दोघं जण दोरी ताणून धरतात, उंदीर पट्ट्यानं तिला अडकवलेला. वास लागला की माती खरवडतो. टेनिस कोर्टाएवढी जागा अर्ध्या तासात होते, डिटेक्टरवाल्याला चार दिवससुद्धा लागतात. ऊन लागू नये म्हणून कानाला-शेपटीला क्रीम चोळतात. आम्हाला कुणी चोळलं नाही.

गवत मात्र आधी काढावं लागतं, आणि खूण केलेली जागा शेवटी माणूसच उकरतो.

ऊसकरी_कागल: आणि वजनानं उडत न्हाई का?

माजी_सॅपर_शिरोळ: एक-दीड किलोचं जनावर. एम-१४ सारख्या माणसाच्या पायाखाली फुटणाऱ्या छोट्या सुरुंगालाही नऊ-दहा किलोचा दाब लागतो. पण तुमची घूस नको. ते उंदीर आफ्रिकेतले, गालात पिशव्या असलेले, आठ वर्षं जगतात, म्हणून शिकवणी वसूल होते. त्यातल्या मगावा नावाच्या उंदरानं कंबोडियात ७१ सुरुंग आणि ३८ न फुटलेले बॉम्ब शोधले. २०२० साली त्याला ब्रिटनच्या पीडीएसए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं सुवर्णपदक मिळालं. नंतर रोनिन नावाच्या उंदरानं १०९ सुरुंग शोधून त्यालाही मागं टाकलं.

लॅबवाली_राजारामपुरी: याच जातीचे उंदीर क्षयरोगासाठी थुंकीचे नमुनेही हुंगतात. शंभर नमुने वीस मिनिटांत! आमचा तर मायक्रोस्कोपला डोळा लावून दिवस जातो. उंदरानं दाखवलेला नमुना प्रयोगशाळेत पुन्हा तपासतात, मगच रुग्णाला कळवतात.

माजी_सॅपर_शिरोळ: बरोबर आहे ताई. आमच्याकडंही एकाच्या शब्दावर कुणी पाय ठेवत नव्हतं.