टूनामी: शाळा सुटल्यावरचं ॲनिमे मध्यरात्री कसं जाऊन बसलं?

रेवा_कोथरूड
बारावीनंतरच्या सुट्टीत 'ड्रॅगन बॉल झेड' पहिल्यापासून बघतेय. तूनळीवर टूनामीचे, म्हणजे अमेरिकेत कार्टून नेटवर्कवर ॲनिमे (जपानी कार्टून मालिका) दाखवणाऱ्या कार्यक्रमाचे, जुने प्रोमो सापडले. त्याखाली अमेरिकेतले लोक भरभरून लिहितात की शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून टीव्हीसमोर बसायचो. पण आत्ताचं टूनामी तिकडे शनिवारी रात्री उशिरा लागतं, तेही ॲडल्ट स्विमवर, म्हणजे त्याच वाहिनीच्या रात्रीच्या, मोठ्यांसाठीच्या भागात. मुलांचा कार्यक्रम मोठ्यांचा कधी झाला आणि का? बघणारी मुलं मोठी झाली म्हणून तोही मोठा झाला, एवढंच असेल तर त्यांच्या मागून आलेल्या लहान मुलांचं काय? तिकडे वाढलेलं कोणी आहे का इथे?

जर्सीकर
मी आहे. एडिसन, न्यू जर्सी. मार्च 1997 मध्ये टूनामी सुरू झालं तेव्हा मी पाचवीत होतो.

सुरुवातीला त्यात 'थंडरकॅट्स', 'व्होल्ट्रॉन' असा जुनाच माल होता. दिवस पालटले 1998 मध्ये: जूनमध्ये 'सेलर मून' आलं आणि ऑगस्टच्या शेवटी 'ड्रॅगन बॉल झेड'. तू आता सलग बघते आहेस, पण आमच्याकडे तेव्हा इंग्रजीत डब झालेले भाग होते फक्त 53. नामेक ग्रहावरची लढाई ऐन रंगात आली की भाग संपायचे आणि पहिल्या भागातला खलनायक राडिट्झ पुन्हा पृथ्वीवर उतरायचा. वर्षभर हेच चक्र. तरी रोज बघायचो. सप्टेंबर 1999 मध्ये पुढचे भाग लागले तेव्हा स्कूलबसमध्ये दुसरा विषयच नव्हता. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि बसमध्ये मालिकेचा नायक गोकू, असं ते वय गेलं. ज्यांच्याशी एरवी एक शब्द बोललो नसतो अशा मुलांशी माझी ओळख या मालिकेमुळे झाली.

पण 'मुलांचं' म्हणजे नेमकं किती वयाच्या मुलांचं, ही ओढाताण तेव्हाही होतीच. 'गंडम विंग' मार्च 2000 मध्ये आलं ते दोन रूपांत. संध्याकाळी रक्त पुसलेलं आणि संवाद सौम्य केलेले, आणि तोच भाग मध्यरात्री कात्री न लावता. एकाच वाहिनीवर दोन प्रेक्षक धरलेले. मग सप्टेंबर 2001 मध्ये ॲडल्ट स्विम सुरू झालं आणि पहिल्याच रात्री 'काउबॉय बीबॉप' लागलं. त्यातल्या नायकाचा, स्पाइकचा इंग्रजी आवाज स्टीव्ह ब्लमचा, आणि टूनामीचा यंत्रमानव सूत्रधार टॉम, त्यालाही 2000 पासून त्याचाच आवाज. म्हणजे संध्याकाळी आमच्याशी बोलणारा गडी रात्री मोठ्यांशी बोलायला लागला.

सगळे 2012 कडे, म्हणजे टूनामी ॲडल्ट स्विमवर गेलं त्या वर्षाकडे, बोट दाखवतात. माझं ठाम मत आहे की खरा बदल एप्रिल 2004 मध्ये झाला. टूनामी आठवड्याच्या दिवसांतून काढून शनिवारी संध्याकाळी नेलं आणि रोजच्या जागेवर 'मिगुझी' नावाचा हलकाफुलका कार्यक्रम आला. रोज लागणारी गोष्ट पोराला न शोधता सापडते. शनिवारी रात्री सात ते अकरा टीव्हीसमोर बसतो तो आधीपासून ॲनिमेचा वेडा असतो. आमच्या धाकट्या भावाच्या वर्गात टूनामी माहीत असलेली मुलं अगदी मोजकी होती. चार वर्षांचंच अंतर, पण पिढी बदलल्यासारखं.

सप्टेंबर 2008 मध्ये बंद झालं. 2012 च्या एप्रिल फूलच्या रात्री ॲडल्ट स्विमने एका रात्रीपुरतं परत आणलं, लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि 26 मे पासून ते शनिवारी मध्यरात्री कायमचं सुरू झालं. तेव्हा मी पंचविशीत. 'वन पीस' बघ म्हणजे फरक कळेल. 2005 मध्ये टूनामीवर त्यातल्या सांजी या पात्राच्या तोंडात सिगरेटऐवजी लॉलीपॉप होतं. 2013 मध्ये तीच मालिका त्याच नावाखाली परत आली तेव्हा सिगरेट जागेवर होती.

माध्यम_नियोजक
वरचा प्रतिसाद उत्तम. यात पैशाची बाजूही मोठी आहे. मी मुंबईत जाहिरातींच्या वेळा विकत घेण्याच्या धंद्यात बरीच वर्षं काढली.

मुलांच्या वाहिनीची जाहिरात 2 ते 11, फार तर 6 ते 11 या वयोगटावर विकली जाते. ॲडल्ट स्विम विकतं 18 ते 34 वर. 2005 मध्ये प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नीलसन कंपनीने कार्टून नेटवर्क आणि ॲडल्ट स्विमचे आकडे वेगळे मोजायला घेतले. त्या दिवसापासून चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा दोन्हीकडे परका झाला. टूनामीचा प्रेक्षक नेमका तो. शिवाय अमेरिकेत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कार्यक्रमात जाहिरातींवर कायद्याने मर्यादा आहे: कामाच्या दिवशी तासाला 12 मिनिटं, शनिवार-रविवारी साडेदहा. मोठ्यांच्या कार्यक्रमाला ती अट नाही. मग मालिका कुठे सरकेल, हे उघड आहे.

आपल्याकडे बरोबर उलटं झालं. ॲनिमॅक्स ही ॲनिमेची वाहिनी 2004 मध्ये आली आणि 2017 मध्ये त्याच्या जागी सोनी याय आलं. तरुणांचं ॲनिमे गेलं, लहान मुलांची वाहिनी राहिली.

सिॲटलची_आई
मला यात एवढं हळहळण्यासारखं दिसत नाही. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला टूनामी माहीतसुद्धा नाही, पण क्रंचीरोल ही पैसे भरून ॲनिमे बघायची ऑनलाइन सेवा आहे. जपानी आवाजात, सबटायटल्स वाचत बघते, काहीही कापलेलं नाही. तुम्हाला वर्षभर तेच 53 भाग बघावे लागले, तिला आख्खी मालिका हातात आहे.

रेवा_कोथरूड
जर्सीकरदादा, 2004 चं हे कुठेच वाचलं नव्हतं, मनापासून आभार. ताई, तुमचं पटतं. पण तुमच्या मुलीच्या वर्गात ती एकटीच बघते की सगळे बघतात?

सिॲटलची_आई
तिच्या दोन मैत्रिणी बघतात. प्रत्येकीची मालिका वेगळी.

जर्सीकर
ताई, निवड वाढली हे शंभर टक्के खरं, आणि तुमच्या लेकीला न कापलेलं बघायला मिळतं याचा मला आनंदच आहे. पण घरात सेवा घेतलेली नाही, आईवडिलांना ॲनिमे माहीत नाही, अशा मुलापर्यंत ते कसं पोचणार? माझ्या आईबाबांनी ॲनिमेसाठी वेगळे पैसे कधीच भरले नसते. साध्या केबलवर समोर आलं म्हणून मला मिळालं.

मे 2024 मध्ये ॲडल्ट स्विमने शुक्रवारी संध्याकाळी पाच ते सात 'टूनामी रिवाइंड' सुरू केलं. 'सेलर मून', 'ड्रॅगन बॉल झेड काई', 'नारुतो'. वेळ शाळा सुटल्यानंतरची, पण निवड पाहा: वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या मुलांना आठवेल असंच सगळं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बंद झालं. मला फार वाईट वाटलं. त्या दोन तासांत एखादी आजची, दहा वर्षांच्या मुलांसाठीच बनलेली मालिका लावायला हवी होती.

रेवा, 'झेड' संपलं की 'गंडम विंग' घे, न कापलेलं. आणि इथे लिही कसं वाटलं ते.