संथ झीज आणि अचानक दरड

काही जण म्हणतात की सह्याद्री लाखो वर्षं संथ झिजतोय, दरडी हा निव्वळ अपवाद. पूर्वार्ध मान्य, उत्तरार्ध नाही. संथ काम झालेलं असतं म्हणूनच दरड कोसळते.

आपल्या कोकणातला चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड, बघा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट झाला. त्यातली विरघळणारी द्रव्यं पावसाने युगानुयुगं धुऊन नेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे उरलं, तो जांभा. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माथ्यावर, विहीर खणली की कडक जांभ्याखाली पांढरट-जांभळट मऊ माती लागते. पाणी जांभ्याच्या भोकांतून झिरपतं आणि या मातीशी येऊन अडतं. माती भिजून जड होते, पकड सुटते, आणि कड्यालगत असेल तर वरचा जांभाही धोंड्या-धोंड्यांनी खाली येतो. महाडजवळच्या तळिये गावात दरड कोसळली, तिथे मामला जांभ्याचा नव्हता. तिथे कुजलेल्या बेसाल्टची माती घाटउतारावर साचलेली होती. ती साचायला किती काळ गेला असेल! 22 जुलै 2021 च्या अतिवृष्टीत मात्र ती बघता बघता वस्तीवर आली.

किनाऱ्याचं वेळापत्रक आणखी निराळं. पावसाळी लाटा पुळणीची, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूच्या पट्ट्याची, वाळू समुद्रात ओढतात, दिवाळीनंतर शांत समुद्र बरीचशी परत टाकतो. म्हणून जुलैत पुळण खचलेली बघून लगेच दगडी बंधारा मागू नका (निवडणुकीच्या वर्षी तो मिळतोही!). बंधाऱ्यावर आपटून लाट परतते ती पायथ्याची वाळू घेऊन, आणि बंधारा संपतो तिथे शेजारच्याची माडाची बाग खायला लागते.