स्टिवा ओब्लोन्स्कीला मराठीत काय म्हणावं?

वाचनगटासाठी ‘अ‍ॅना कारेनिना’तले काही उतारे मराठीत करते आहे आणि पहिल्याच प्रकरणात एका शब्दापाशी अडले आहे. स्टिवा ओब्लोन्स्कीला म्हणायचं काय?

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रिन्स स्तेपान अर्काद्यिच ओब्लोन्स्की, सगळ्यांचा स्टिवा. वय ३४, देखणा, मॉस्कोत मानाची सरकारी नोकरी, तीही मेहुण्याच्या वशिल्याने मिळालेली. बायको डॉली, पाच मुलं. मुलांना शिकवायला पूर्वी ठेवलेल्या फ्रेंच बाईशी त्याचं प्रकरण असतं आणि चिठ्ठी डॉलीच्या हाती लागते. ती चिठ्ठी पुढे करून जाब विचारते, तर हा नेहमीसारखं प्रेमळ, जरासं खुळं हसतो. मागाहून हळहळतो तेही त्या हसण्याबद्दल. सगळा घोळ त्या मेल्या हसण्याने केला, म्हणतो.

वाचताना राग येतो, पण टिकत नाही. शब्दात मला नेमकं हेच हवंय. ‘लंपट’ म्हटलं की विषय संपला, पुढे त्या माणसाकडे बघावंसंच वाटत नाही. ‘लफंगा’, ‘बदमाश’ हे नाक्यावरचे शब्द, त्यांना खानदान नाही. ‘छचोर’ अनातोल कुरागिनला शोभेल. ‘वॉर अँड पीस’मधला तो, आधीचं लग्न लपवून नताशाला पळवून न्यायला निघालेला. स्टिवा तसा नाही. टॉलस्टॉय म्हणतो, तो स्वतःशी खोटं बोलू शकत नव्हता. पश्चात्ताप होत नसताना होतोय असं मनाला समजावणं त्याला जमेना.

सध्या ‘खुशालचेंडू’वर थांबले आहे. चेंडू कितीही आपटला तरी पुन्हा उसळतोच, तसा हा. पण खुशालचेंडू माणसामुळे सहसा कुणाचं घर मोडत नाही, आणि इथे डॉलीचं मोडायला आलंय. सुचवाल का?

प्रतिसाद

‘रंगेल’ का नको? त्यात खानदान आहे, उधळेपणा आहे, बायका आहेत. शिवाय तो शब्द म्हणताना म्हणणाऱ्याच्या ओठांवरही थोडं हसू येतंच.

प्रतिसाद

ताई, रशियन शिकतोय म्हणून तिकडचे दोन शब्द मांडतो. पुश्किनने ‘येव्गेनी ओनेगिन’च्या पहिल्या प्रकरणात, दुसऱ्याच कडव्यात, नायकाला ‘पोवेसा’ म्हटलंय. काका मरणपंथाला लागलेत, इस्टेट आपल्यालाच मिळणार, आणि हा तरुण पोवेसा टपालाच्या घोड्यांवर धुरळा उडवत निघालाय. अर्थ आपल्या ‘उनाड’, ‘उडाणटप्पू’च्या जवळपास जातो. पण उनाडाला आपल्याकडे वर्गाबाहेर उभं करतात. ओनेगिनला एका संध्याकाळी तीन-तीन घरची आमंत्रणं येतात.

दुसरा शब्द ‘वोलोकिता’, म्हणजे बायकांच्या मागे मागे फिरणारा. मुळाशी ओढत नेणं, फरफटणं हा अर्थ आहे. कचेरीत कागद महिनोन्‌महिने पडून राहतो त्या प्रकारालाही रशियनमध्ये ‘वोलोकिता’च म्हणतात! आपल्या ‘रेंगाळणे’त दोन्ही सामावतं: फाइलही रेंगाळते, आणि कॉलेजच्या फाटकाशी पोरंही रेंगाळतात. स्टिवाला मात्र हा शब्द लागू नाही. त्याला कुणामागे फरफटावं लागत नाही, लोकच त्याच्याकडे ओढले जातात.

लेर्मोंतोव्हच्या ‘अ हीरो ऑफ अवर टाइम’ कादंबरीचा नायक पेचोरिन कुणी या यादीत घालेल, मी घालणार नाही. प्रिन्सेस मेरीला तो प्रेम नसताना नादी लावतो, आणि आपण हे का करतोय याचा डायरीत थंडपणे हिशेब मांडतो. तो मोहक आहे, पण त्याला लाडाने ‘लबाडा’ असं म्हणवत नाही. स्टिवाला म्हणवतं.

मूळ लेखिकेचा प्रतिसाद

‘रेंगाळणे’ फारच आवडलं. ‘रंगेल’चा विचार केला होता, पण रंगेल माणूस डोळ्यांपुढे आला की संध्याकाळ होते, अत्तराचा वास येतो. स्टिवा सकाळी दाढी करतानाही तसाच असतो आणि कचेरीत बैठक चालवतानाही तसाच.

तुमच्या ‘लबाडा’ने मात्र रस्ता दाखवला. आपण लाडाने आणखी एक शब्द वापरतो: लाघवी. त्याचं मूळ ‘लघु’. लाघव म्हणजे आधी हलकेपणा, मग हाताची सफाई (हस्तलाघव), आणि मग माणसं जिंकून घेणारं वागणं. आता पहिल्या प्रकरणांतलं ते वर्णन बघा. स्टिवा सकाळी उठून खिडकीकडे जातो, तेव्हा बाहेर वळलेली त्याची पावलं ते भरलेलं शरीर किती हलकेच वाहून नेतात, हे टॉलस्टॉय आवर्जून सांगतो. अंगाने भरलेला माणूस, पण त्याला कशाचाच भार नाही. बायकोचं जंगल तो रियाबिनिन नावाच्या व्यापाऱ्याला ३८,००० रूबलला विकतो. त्याचा मित्र लेविन तळमळून विचारतो, झाडं तरी मोजलीस का? हा आपला मजेत. अ‍ॅना ही स्टिवाची बहीण, व्रोन्स्की तिचा प्रियकर. शेवटच्या भागात, तिच्या मृत्यूनंतर, स्टेशनावर व्रोन्स्की आलाय असं कळतं, तेव्हा स्टिवाचा चेहरा क्षणभर उतरतो. पण थोड्याच वेळात, बहिणीच्या प्रेतावर पडून आपण हंबरडा फोडला होता, हे तो पार विसरलेला असतो. ते वाक्य वाचून मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं.

आणि ‘हलकट’? तो ‘हलका’वरून आला. ‘हलका’ म्हणजेही ‘लघु’च, प्राकृतात अक्षरांची अदलाबदल होऊन आलेला. म्हणजे लाघवी आणि हलकट एकाच घरचे! मित्रांसाठी स्टिवा लाघवी आहे. डॉलीच्या तोंडी, तो माफी मागायला तिच्या खोलीत येतो त्या एका प्रसंगात, मी ‘हलकट’ घालणार आहे.

त्या प्रसंगात आणखी एक पेच आहे. स्टिवाचं जवळजवळ सगळ्यांशी अरे-तुरेचं. ज्यांच्याबरोबर शॅम्पेन प्यायला त्या सर्वांशी एकेरी, आणि शॅम्पेन तो सगळ्यांबरोबरच पितो, असं टॉलस्टॉय लिहितो. इकडे डॉली रागाने ‘तुम्ही’वर जाते. मराठीत नेमकं उलटं होतं, भांडण पेटलं की आपण एकेरीवर येतो. मुलांबद्दल बोलता बोलता तिच्या तोंडून एकदाच ‘तू’ निसटतं. तो कृतज्ञतेने बघतो, तिचा हात धरायला पुढे होतो, ती किळसून बाजूला सरते. आणि थोड्या वेळाने पुन्हा: तुमचे अश्रू म्हणजे नुसतं पाणी.

म्हणून इतर प्रसंगांत नवरा-बायको दोघांनाही ‘तू’च बोलायला लावते आहे. म्हणजे इथे ‘तुमचे’ वाचताना कानाला टोचेल.