मदत हवी आहे : आणीबाणीचं सामान आणि स्वयंपाक, दोन्हीला एकच धातूचा डबा चालेल का?

मी एकटाच दोन-तीन दिवसांच्या रानभटकंतीला जातो. सॅक हरवली, पाय मुरगळला, रात्र बाहेर काढावी लागली, तर अंगावर काहीतरी असावं म्हणून गोळ्यांच्या बिजागरीवाल्या पत्र्याच्या डबीत काडेपेटी, दोरा, सुई, शिट्टी, ब्लेड असं भरलं. वेळ आलीच तर त्याच डबीत पाणी उकळायचं, असा बेत होता.

निघण्याआधी एकदा करून बघितलं ते बरं झालं. बाहेरचा रंग आधी फुगला, मग असा काही धुरकटला की वासानेच डोकं दुखलं. बिजागरीच्या फटीतून पाणी ठिबकून अर्धी आग विझली. उरलेलं पाणी उतरवताना बोटांवर सांडलं, कारण धरायला काहीच नव्हतं. हाती लागलं ते दोन घोट, आणि त्यावर राखेचा थर.

आता घरात शोधल्यावर चार गोष्टी निघाल्या आहेत: फळांचा रिकामा टिन, क्लिपांचा आणि रबरी रिंगचा स्टीलचा जेवणाचा डबा, दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली आणि जुना जर्मनचा (ॲल्युमिनियमचा) डबा. यातलं काय विस्तवावर ठेवायचं आणि काय अजिबात नाही? अनुभव असेल त्यांनी सांगा, चेष्टा केली तरी चालेल.

रानवाट :
चेष्टा कशाला, हे सगळ्यांचंच होतं. तुम्ही उलटीकडून सुरुवात केलीत एवढंच. डबी आधी निवडलीत आणि तिच्यात भांडं शोधलंत. भांडं आधी निवडा, सामान त्याच्या पोटात बसवा. त्या डबीत मावतं किती? शंभर-सव्वाशे मिली. एक लिटर प्यायचं तर आठ-दहा वेळा आग सांभाळत बसाल. निदान पाऊण लिटरचं भांडं घ्या.

बाटलीचा विचार डोक्यातून काढा. दोन भिंतींमधली पोकळी उष्णता आत जाऊच देत नाही, म्हणून पाणी तापत नाही, बाहेरचा पत्रा मात्र लाल होतो. शिवाय तो भाग कायमचा बंद असतो, फुटू शकतो. एकेरी भिंतीची बाटली असेल तर चालेल, तीही टोपण काढून.

ठोकपीट :
पत्र्याचं काम करतो म्हणून जरा लांबण लावतो. तुमच्या फळांच्या टिनला आत बहुधा कथलाचा मुलामा किंवा प्लास्टिकसारखा लेप असेल. कथील २३२ अंशांना वितळतं. आत पाणी आहे तोवर पत्रा शंभराच्या आसपासच राहतो, म्हणून तळाला काही होत नाही. गडबड होते पाण्याच्या रेषेवर. तिथला पत्रा कोरडा असतो, ज्वाळा वर चाटतात आणि लेप आधी तिथे जळतो. तुमच्या डबीचा रंगही तिथूनच फुगला असणार. एकदा अगदीच अडलं तर टिन वापरा, नेहमीचं भांडं करू नका. फार जुना, डाख दिलेला, म्हणजे सांधा वितळवलेल्या धातूने जोडलेला टिन तर नकोच. डाखात शिसं असायचं. अमेरिकेत असे अन्नाचे डबे १९९५ साली बंद केले.

जर्मनचा डबा हलका, आणि उष्णता स्टीलपेक्षा किती तरी पटींनी पटकन पसरवतो. पण ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि चांगले निखारे त्याच्या वर जातात. पाणी आटून भांडं कोरडं पडलं, डोळा लागला, की तळाला भोक. आंबट पदार्थ त्यात शिजवू नका, साठवू तर अजिबात नका.

स्टील १४०० अंशांच्या वर वितळतं, तुमच्या आगीची ती ताकद नाही. वजनाला जड आणि उष्णता एकाच जागी धरून ठेवतं, त्यामुळे दाट काही शिजवलंत की मधोमध करपतं. पाणी उकळायला मात्र उत्तम. ज्वाळेने पिवळं-निळं पडलं तर घाबरू नका, तो फक्त वरचा ऑक्साइडचा थर.

धागाकर्ता :
मनापासून आभार. स्टीलच्या डब्याला चुंबक लावून बघितलं. तळाला चिकटत नाही, कोपऱ्यांना किंचित ओढतं. म्हणजे भेसळ का? आणि क्लिपा लावून झाकण घट्ट बसवलं तर पाणी लवकर उकळेल ना?

ठोकपीट :
भेसळ नाही. १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेलचं स्टील मुळात चुंबकाला दाद देत नाही, पण ओढून, वाकवून आकार दिला की ताण बसलेल्या जागी थोडं चुंबकत्व येतं. कोपरे तसेच. चुंबकाच्या एका चाचणीवर स्टील पारखू नका.

झाकणाचं मात्र नीट ऐका. क्लिपा लावून विस्तवावर कधीही ठेवू नका. वाफेला वाट नसेल तर झाकण तोंडावर उडेल. रिंग काढून खिशात ठेवा आणि झाकण नुसतं वर टेकवा. तेवढ्यानेही राख पडत नाही आणि उकळी लवकर येते.

उनाड :
उकळीवरून आठवलं. खळखळून उकळायला लागल्यावर १ मिनिट, आणि २००० मीटरच्या वर असाल तर ३ मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. गढूळ पाणी आधी कापडातून गाळून घ्या. उकळल्याने जंतू मरतात, रसायनं जात नाहीत.

सामान भरताना माझी फजिती तुमची होऊ देऊ नका. आग पेटवायला बारीक स्टीलवूल (केसासारख्या स्टीलच्या तारांचा गुंता) आणि चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी, दोन्ही एकाच डब्यात टाकलं होतं. चालताना ते एकमेकांना टेकलं आणि सॅकमधून धूर. आता बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी आणि वूल वेगळ्या पिशवीत. होकायंत्रही लोखंडी पत्र्याच्या डबीत ठेवून वाचू नका, सुई भरकटते. बाहेर काढून डब्यापासून लांब धरा.

चकमक :
सगळे त्या बिचाऱ्या डबीच्या मागे का लागलात? रंग मोकळ्या हवेत, वारा येतो त्या बाजूला उभं राहून पूर्ण जाळून टाका, घासा, झाकणाला एक बारीक भोक पाडा. आत सुती कापडाचे तुकडे ठेवून निखाऱ्यांवर ठेवलं की भोकातून धूर येतो. तो थांबला की उतरवा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका, हवा लागली की आतलं सगळं पेटतं. जे काळं कापड उरतं ते एका ठिणगीवर धुमसायला लागतं. झाकणाची आतली बाजू घासून चमकवली तर उन्हात इशारा द्यायला आरसाही होतो. भांडं म्हणून ती नापास, पण फेकू नका.

रानवाट :
चकमकभाऊंशी सहमत. डबी खिशात, भांडं सॅकमध्ये. सॅक हरवली तर निदान शिट्टी आणि आग अंगावर राहते. मूळ भीती तीच होती ना?

धागाकर्ता :
हो, तीच. मी दोन्ही एकात कोंबत होतो.

काल स्टीलचा डबा तीन दगडांवर ठेवून बघितला. रिंग काढलेली, झाकण टेकवलेलं. बाहेरून आधी साबणाचा ओला थर दिला होता, काजळी पाण्याखाली सहज निघाली. ही युक्ती मला कुठूनशी आठवली, इथे कुणी सांगितली नाही म्हणून नोंदवतो. सामान एका पिशवीत बांधून डब्यात बसतं, उकळताना पिशवी बाहेर काढून ठेवतो. राहिला प्रश्न धरण्याचा. काठाला दोन भोकं पाडून तारेची कडी करू का? घरात गॅल्व्हनाइज्ड तार आहे.

ठोकपीट :
कडी करा, ती तार नको. तिच्यावर जस्त असतं, ४२० अंशांना वितळतं, आणि फार तापलं तर त्याच्या धुराने ताप भरतो. साधी स्टीलची तार घ्या. भोकं झाकण बसतं त्या रेषेच्या जरा खाली पाडा, नाहीतर झाकण अडेल. कडी एका बाजूला पडून गरम काठावर टेकणार नाही इतकी ताठ ठेवा.