'पीअर रिव्ह्यू'ला मराठीत काय म्हणावे?

मांडवीकाठ : पणजीतील एका महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाच्या मुलांसाठी 'संशोधनलेख कसा पारखावा' ही चार पानी पुस्तिका मी मराठीत करीत आहे. भाषांतराच्या यंत्राने 'पीअर-रिव्ह्यूड'चे 'समवयस्कांनी पुनरावलोकन केलेला' असे केले, तेव्हा मसुदा वाचणाऱ्या मुलीने विचारले, "म्हणजे हा लेख आमच्या वयाच्या मुलांनी तपासला?" मी ते खोडून 'समकक्ष-परीक्षित' लिहिले, तर तिला वाटले की समकक्ष ही एखादी परीक्षा असावी. संपादक लेख छापण्यापूर्वी त्याच विषयातील दोन-तीन अभ्यासकांकडे पाठवतो, ते त्रुटी दाखवतात, आणि मग लेखक दुरुस्त्या करतो किंवा लेख साभार परत येतो; एवढे सगळे सांगणारा शब्द कोणी सुचवील का? पुस्तिका शुक्रवारी छपाईला जाईल.

अंत्रुज : 'तज्ज्ञपरीक्षित' लिहा आणि मोकळे व्हा.

जुना खडू : एवढ्यात मोकळे होता येणार नाही. 'पीअर' हा लॅटिन 'पार' म्हणजे 'समान' यावरून आला आहे. तज्ज्ञ वरच्या पायरीवर बसतो, पीअर मात्र शेजारी, कोंकणीत ज्याला आपण वांगडी म्हणतो तसा. शिवाय तज्ज्ञ कोणत्या विषयातला, हे त्या शब्दातून कळत नाही. गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी गणितात मुरलेले होते, तरी १९५९ साली रीमानच्या गृहीतकाची (गणितातल्या एका प्रसिद्ध, न सुटलेल्या कोड्याची) सिद्धता त्यांनी कृषिसांख्यिकीच्या नियतकालिकात छापली आणि ती टिकली नाही. लेख कोणी लिहिला याइतकेच तो कोणत्या वांगड्यांपुढे ठेवला गेला, हे मुलांना विचारता आले पाहिजे.

वाचनवेडी : 'परीक्षण' या शब्दालाही माझी हरकत आहे, कारण आपल्याकडे पुस्तकाचे परीक्षण पुस्तक निघाल्यावर येते आणि ही तपासणी तर छपाईपूर्वीची आहे. 'पूर्वपरीक्षण' म्हणावे, तर मुलांना पूर्वपरीक्षा आठवेल. आणखी एक गोष्ट पुस्तिकेत यावी : तपासलेले म्हणजे खरे आणि न तपासलेले म्हणजे खोटे, असे समीकरण मांडू नका. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३चा लेख 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकाने बाहेरच्या परीक्षकांकडे न पाठवताच छापला होता. तेथे ही तपासणी सक्तीची झाली ती १९७३ साली.

अंत्रुज : मग 'पीअर रिव्ह्यू' असेच देवनागरीत लिहा. बसला आपण बसच म्हणतो, आणि त्यामुळे म्हापशाला पोहोचायला उशीर होत नाही.

जुना खडू : बस डोळ्यांना दिसते, पीअर रिव्ह्यू दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीचे नावच अर्थ सांगणारे नसेल, तर विद्यार्थी ते शिक्क्यासारखे पाठ करील.

पेडणेवासी : तुम्ही फांदीवर भांडता आहात आणि मूळ तसेच राहिले आहे. माझा भाचा हिंदी बातम्यांत 'संविधान संशोधन' ऐकून संविधानावर कोणी प्रबंध लिहितो आहे असे समजला होता. हिंदीत 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती आणि 'शोध' म्हणजे आपले संशोधन. धातू एकच, 'शुध्', शुद्ध करणे. वैद्य पाऱ्याचे शोधन करतात तेही त्यातलेच. मला तर वाटते की हिंदीनेच अर्थ नीट जपला, आपण तो हरवला.

वाचनवेडी : हरवला कसा? चुका गाळत जाणे हेच तर संशोधन, आणि परीक्षक लेखकाकडून करून घेतो तेही शोधनच. त्या न्यायाने 'शोधित लेख' का नको?

जुना खडू : कारण 'शोधित' म्हणजे शोधून काढलेला, असे मराठी कानाला वाटते. औषधाच्या बाटलीवर तो शब्द शोभेल.

मांडवीकाठ : आज गुरुवार. तूर्त 'पीअर रिव्ह्यू' ठेवून खाली दोन ओळींत प्रक्रिया समजावून सांगितली आहे.

पेडणेवासी : ते ठीक, पण मुखपृष्ठावर 'संशोधन' शब्द तसाच ठेवणार आहात का?