समाजशास्त्राला विज्ञान म्हणायचं का?

मांडवीकाठ:
समाजशास्त्राला नाव देणाऱ्या ऑग्युस्त कोंतला समाजाचं भौतिकशास्त्र उभं करायचं होतं. त्याला पावणेदोनशेहून जास्त वर्षं झाली. नियम म्हणावा असा एक हाती लागला नाही, विचारसरण्या मात्र ढीगभर. आपल्या गोव्यातल्या गावकारीचंच घ्या, म्हणजे कोमुनिदाद, गावच्या मूळ घराण्यांनी (गावकारांनी) मिळून जमीन सांभाळायची जुनी व्यवस्था. एक अभ्यासक तिला लोकशाहीचा जुना नमुना म्हणून डोक्यावर घेतो, दुसऱ्याला तीत मोजक्या घराण्यांतल्या पुरुषांची मक्तेदारी दिसते. कागदपत्रं तीच, झोणाच्या, म्हणजे गावकारांना उत्पन्नातून मिळणाऱ्या वाट्याच्या, याद्या त्याच. आधी कळस मग पाया! याला मी विज्ञान म्हणणार नाही.

सत्तरीकर:
दोघांचंही खरं असू शकतं की. खाजनाचे, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या सखल शेतांचे, बांध गावाने मिळून सांभाळले, हे खरं. गावकाराच्या मुलीला झोण नव्हता, हेही खरं. दोन्ही तपासता येतं. कौतुक करायचं की नाही, हा वेगळा प्रश्न. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने 1904मध्येच लिहून ठेवलंय: विषय कुठला निवडायचा ते आपली मूल्यं ठरवतात, पण पुरावा नि तर्क ती मूल्यं न मानणाऱ्या चिनी माणसालाही पटले पाहिजेत.

मांडवीकाठ:
पण मुळात माहितीच रंगून आली तर? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खेमने 1897मध्ये सरकारी आकड्यांवरून दाखवलं, की आत्महत्या प्रोटेस्टंटांत जास्त, कॅथलिकांत कमी. ज्या घरात आत्महत्या म्हणजे पाप नि नामुष्की, तिथे ती अपघात म्हणून नोंदवली जात असेल तर?

सत्तरीकर:
ही शंका घेतली कोणी? समाजशास्त्रज्ञांनीच! 1967मध्ये जॅक डग्लसने अशाच मुद्द्यांवर दुर्खेमला धारेवर धरलं. पक्षाच्या शाखेत असं करून बघा.

मुंडकाराची नात:
तुम्ही दोघं कागदावरच भांडताय. एम.ए.ला असताना मी मुंडकारांच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांच्या, मुलाखती घेतल्या. 1975च्या कायद्याने त्यांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण दिलं, पण दबकून बोलायची सवय कायद्याने जात नाही. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, सोप्यावर विचारलं तर एक बाई म्हणाली, "सगळें बरें चल्लां." संध्याकाळी तिनेच आपल्या चुलीपाशी, बाहेरचं दार लोटून घेऊन, त्याच्या भाटात, म्हणजे बागायतीत, फुकट राबलेले दिवस बोटांवर मोजून दाखवले. पहिलं उत्तर खोटं म्हणून फेकायचं नसतं. दोन्ही लिहायची, आणि कुठे बसून विचारलं तेही. माझी आजी मुंडकार होती, हेसुद्धा मी प्रबंधाच्या पहिल्या पानावर लिहिलं. ते लपवून तटस्थपणाचा आव आणला असता, तर वाचणाऱ्याने माझं काय तपासायचं?

पेडण्याहून:
आजी मुंडकार, म्हणजे निकाल आधीच लागला! कूळ कायद्यात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या भाटकारांच्या घरी कोण जातं मुलाखती घ्यायला?

मुंडकाराची नात:
रास्त आहे, फार कमी जण जातात. तुम्ही जा ना. माझी प्रश्नावली देते, तीच घेऊन माझ्याच गावात जा. उत्तरं जुळली नाहीत तर कुठे फाटतंय ते बघू.

मांडवीकाठ:
तपासणी मान्य. पण विद्यापीठाच्या विभागात सगळे एकाच विचाराचे असले, तर ती प्रश्नावली घेऊन दुसऱ्यांदा जाणार कोण? पुन्हा तेच शोधलेलं शोधायला अनुदानही कोणी देत नाही. भौतिकशास्त्रात निदान प्रयोग परत करून बघणारे तरी सापडतात. इथे पेडणेकर काही जायचे नाहीत, ते फक्त ठिणगी टाकतात.

पेडण्याहून:
जाईन. मे महिन्यात सुट्टी आहे. प्रश्नावली पाठवा, पण चौथा प्रश्न मी माझ्या पद्धतीने विचारणार.